साहेबी पोशाखाची घरगुती निगा

विरारहून चर्चगेटकडे निघणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये कडक इस्त्रीचे आयुष्य फार थोडे असते. सुमारे साठ किलोमीटरचा प्रवास, त्यातला बराचसा उभ्याने, आणि नालासोपारा व वसई रोडला चढणाऱ्या गर्दीचा रेटा. नरिमन पॉइंट किंवा वांद्रे-कुर्ला संकुल गाठेपर्यंत कॉलर घामेजलेली, पाठीवर सुरकुत्यांचे जाळे आणि बाहीला दरवाजाच्या खांबाचे वंगण, अशी अवस्था होते. बँकेतील अधिकारी, औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, विमा सल्लागार किंवा वसई न्यायालयात काळा कोट घालून उभा राहणारा वकील, या सर्वांना मात्र नीटनेटका पोशाख टाळता येत नाही. पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ पासून वातानुकूलित लोकल धावू लागल्या. त्यांनी घामाचा प्रश्न काही प्रवाशांपुरता हलका केला, पण त्यांचा पास साध्या दुसऱ्या वर्गाच्या पासापेक्षा बराच महाग पडतो. त्यामुळे कपड्यांचा खर्च प्रवासखर्चाइतकाच अटळ होऊन बसतो.

हा खर्च किती, याचा हिशेब फारसे कोणी मांडत नाही. कारण तो सुट्या पैशांत जातो. उदाहरणादाखल धरून चालू की, आठवड्याला पाच शर्ट व पाच पॅण्टी इस्त्रीला जातात आणि एका कपड्याला दहा रुपये पडतात. म्हणजे आठवड्याचे शंभर आणि वर्षाचे पाच हजार दोनशे रुपये झाले. त्यात दर महिन्याला एक सूट तीनशे रुपये देऊन ड्रायक्लीनला टाकला, तर आणखी तीन हजार सहाशे. दर भागागणिक बदलतील, पण रकमेचे स्वरूप हेच राहते. गृहकर्जाचा हप्ता, शाळेची फी आणि टँकरच्या पाण्याची वर्गणी भरणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने वर्षाचे आठ-नऊ हजार रुपये ही किरकोळ बाब नव्हे. यातला मोठा भाग घरच्या घरी वाचू शकतो. मात्र त्यासाठी कापडाचा स्वभाव ठाऊक हवा. अन्यथा तीनशे रुपये वाचवताना लग्नात शिवलेला सूट गमावण्याची वेळ येते.

ड्रायक्लीन म्हणजे नेमके काय?

ड्रायक्लीन या नावात ‘कोरडे’ असले तरी ही धुलाई कोरडी नसते. कपडे पाण्याऐवजी एखाद्या द्रावकात भिजवून घुसळले जातात, एवढाच फरक. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ही पद्धत व्यवसाय म्हणून रुजली. पुढे टर्पेंटाइन व पेट्रोलजन्य द्रावकांची जागा अनेक देशांत परक्लोरोइथिलीन या रसायनाने घेतली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात केली आहे आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनच्या व्यवसायातून ते दहा वर्षांच्या मुदतीत टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्याचा नियम केला. आपल्याकडे लहान दुकानांतून खनिज टर्पेंटाइनचा वापर बराच आढळतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. द्रावक तेलकट मळ उत्तम काढतो, पण घामातील क्षार आणि चहा-सरबतातील साखर पाण्यात विरघळणारी असते. ती निव्वळ द्रावकाने नीट निघत नाही. म्हणजे केवळ घाम आला म्हणून कोट ड्रायक्लीनला टाकणे हा पैशाचा अपव्यय ठरतो. शिवाय प्रत्येक धुलाईत लोकरीतील नैसर्गिक स्निग्धता थोडी कमी होते आणि कापड निर्जीव दिसू लागते. लोकरी किंवा टेरीवूल सूट एका मोसमात एक-दोनदा ड्रायक्लीन केला तरी पुरतो.

त्याऐवजी करावयाचे काम अगदी साधे आहे. घरी येताच कोट कपाटात न कोंबता रुंद खांद्यांच्या हँगरवर अडकवून रात्रभर पंख्याच्या वाऱ्यावर ठेवावा. खिशातील पाकीट, पेन, चाव्या काढाव्यात. नाही तर त्यांच्या भाराने खिसे लोंबू लागतात. सकाळी मऊ केसांच्या ब्रशने वरून खाली धूळ झटकावी. काखेतील अस्तर कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावे, म्हणजे घामाचे क्षार तेथेच निघतात. काळ्या कोटावर उमटणाऱ्या पांढऱ्या रेषा याच क्षारांच्या असतात. शक्य असल्यास एकच कोट सलग दोन दिवस घालू नये. लोकरीच्या तंतूला पूर्ववत होण्यास एक दिवसाची विश्रांती मिळाली, तर बऱ्याच सुरकुत्या आपोआप उतरतात. वकिलांच्या बाबतीत सांगायचे, तर सर्वोच्च व उच्च न्यायालये वगळता इतर न्यायालयांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नसल्याची तरतूद बार कौन्सिलच्या नियमांत आहे. या सवलतीचा लाभ घेतला तर कोटाचे आयुष्यही वाढते.

काय घरी धुवावे, काय धुवू नये

कपड्याच्या आत शिवलेली छोटी पट्टी हा त्या कपड्याचा जन्मदाखलाच होय. तीवरील चिन्हे बहुतेक देशांत सारखीच आहेत. पाण्याचे टोपले म्हणजे धुलाई, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवण, इस्त्री म्हणजे इस्त्री आणि वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीन. चिन्हावर फुली असली की ती क्रिया निषिद्ध. इस्त्रीच्या चिन्हातील एक, दोन व तीन ठिपके अनुक्रमे सुमारे ११०, १५० व २०० अंश सेल्सिअस एवढे तापमान दर्शवतात.

सुती व टेरीकॉट शर्ट निर्धास्तपणे घरी धुवावेत. बाजारात मिळणाऱ्या पॅण्टच्या कापडांपैकी पुष्कळशी पॉलिएस्टर-व्हिस्कोस मिश्रणाची असतात. त्या पॅण्टी उलट्या करून, साध्या पाण्यात, सौम्य पावडरने धुतल्यास त्यांना काही होत नाही. याउलट शुद्ध लोकर, रेशमी टाय आणि अस्तर-बक्रम असलेला कोणताही कोट पाण्यात बुडवू नये. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण यांमुळे ते एकमेकांत अडकतात व कापड आटून नमद्यासारखे होते. हा बदल पुन्हा उलटवता येत नाही. कोटाचे दुखणे आणखी निराळे आहे. त्याच्या छातीत व कॉलरमध्ये बक्रम असते आणि तयार कोटांत ते बहुधा उष्णतेने चिकटवलेले असते. पाण्याने हे चिकटणे सुटले की पुढच्या बाजूस फुगे येतात. मग कोणताही शिंपी तो कोट पूर्ववत करू शकत नाही.

पाण्याचा प्रश्न

वसई-विरारमध्ये कपडे लवकर पिवळट व कडक होतात, अशी तक्रार घरोघर ऐकू येते. तिचे मूळ पुष्कळदा पाण्यात सापडते. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी महापालिका अस्तित्वात आली. पेल्हार, उसगाव व सूर्या येथून शहराला पाणी येते. तरीही अनेक गृहसंकुलांत कपड्यांसाठी बोअरवेल किंवा टँकरचेच पाणी वापरले जाते. भूगर्भातील पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असले की ते पाणी जड होते. साबण त्यात फेसाळत नाही. त्याचा चिकट साका बनतो आणि तो कापडात बसून राहतो. पांढरा शर्ट राखाडी दिसण्यामागे हा साका असतो.

पाणी जड आहे की नाही, हे पाहणे सोपे आहे. एका बाटलीत पाणी घेऊन त्यात साबणाचा लहान कीस टाकावा व जोराने हलवावे. फेस न येता पाणी दुधाळ झाले, तर ते जड समजावे. अशा पाण्यात साबणाच्या वडीपेक्षा डिटर्जंट पावडर अधिक उपयोगी पडते. सुती पांढऱ्या कपड्यांसाठी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा मिसळण्याची जुनी रीत शास्त्रशुद्ध आहे, कारण सोडा क्षारांना पाण्याबाहेर काढतो. लोकर व रेशमाला मात्र सोडा घातक असतो. शेवटच्या बादलीत दोन-तीन चमचे पांढरा व्हिनेगर टाकला, तर कापडात उरलेला साका सुटतो. पावडर जास्त टाकल्याने कपडे अधिक स्वच्छ होतात, हा समज चुकीचा आहे. खळबळून न निघालेली पावडर स्वतःच मळ धरून ठेवते. नीळ ही केवळ डोळ्यांची फसवणूक असते. पिवळेपणा झाकण्यापलीकडे ती काही करत नाही. मर्यादेत वापरली तर तिला हरकत नाही.

कॉलर, काख आणि डाग

शर्ट टाकून देण्याची वेळ येते ती कॉलर व काख यांमुळे. कॉलरवरचा काळा पट्टा त्वचेतील तेल व धुळीचा असतो. धुण्यापूर्वी पंधरा मिनिटे त्यावर द्रव साबण चोळून ठेवावा आणि मऊ ब्रशने हलके घासावे. कडक ब्रशने कॉलरची घडी आधी विरते आणि शर्ट वेळेपूर्वी जुना होतो. काखेतील पिवळे डाग पुष्कळदा घाम आणि घामरोधकातील ॲल्युमिनियमचे क्षार यांच्या संयोगातून होतात. त्यांवर क्लोरीनचे ब्लीच टाकल्यास पिवळेपणा वाढण्याची शक्यता अधिक. त्याऐवजी खाण्याचा सोडा व पाणी यांचा लेप अर्धा तास लावून मग धुवावे. घामरोधक पूर्ण वाळल्यावरच शर्ट घालण्याची सवय लावली, तर हा डाग मुळातच कमी पडतो.

डागाच्या बाबतीत पहिला नियम असा की, तो टिपावा, चोळू नये. दुसरा नियम असा की, डाग पूर्ण गेल्याखेरीज इस्त्री फिरवू नये. उष्णतेने बरेच डाग कायमचे पक्के होतात. चहा-कॉफीचा डाग ताबडतोब साध्या पाण्याने धुवावा. रक्ताला थंड पाणीच हवे. लोकलच्या दरवाजाचे वंगण किंवा भाजीचे तेल लागल्यास त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी, तासाभराने झटकावी आणि मग भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब लावून धुवावे. बॉलपेनच्या शाईवर सॅनिटायझरमधील अल्कोहोल काम करते. खाली जुने फडके धरून कापसाने टिपत जावे आणि आधी कपड्याच्या आतल्या भागावर रंग जातो का, हे पाहावे. हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. हळदीतील रंगद्रव्य क्षारयुक्त साबणात रंग बदलते. साबणाने धुऊन शर्ट उन्हात वाळवला की ते उन्हानेच विटते. बोअरच्या पाण्यातील लोहामुळे पडणाऱ्या तांबूस डागांवर मात्र ब्लीच कधीही वापरू नये. त्यांना लिंबाचा रस व मीठ लावावे आणि नंतर स्वच्छ धुवावे.

टाय शक्यतो धुवूच नये. ती गाठ सोडून काढावी, ओढून नव्हे. मग सैल गुंडाळी करून ठेवली की रात्रभरात सुरकुत्या उतरतात.

इस्त्रीची रविवार-बैठक

घरी इस्त्री करण्याचा कंटाळा येतो, कारण कपडे पूर्ण वाळून कडक झाल्यावर ती केली जाते. शर्ट धुतल्यावर न पिळता झटकून, कॉलर व बटणपट्टी हाताने ओढून सरळ करून हँगरवर वाळत घातला, तर निम्मे काम तेथेच होते. किंचित ओलसर असतानाच इस्त्री फिरवावी. आधी कॉलर, टोकांकडून मध्याकडे; मग खांदे, कफ, बाह्या, पुढची बाजू आणि शेवटी पाठ, हा क्रम ठेवल्यास झालेले काम पुन्हा चुरगळत नाही. कमी तापमानाच्या कपड्यांपासून सुरुवात करून सुती कपडे शेवटी घ्यावेत. इस्त्री तापायला वेळ लागत नाही, निवायला लागतो.

गडद रंगाची पॅण्ट व टेरीवूल यांवर थेट इस्त्री टेकवली की कापडाला आरशासारखी चकाकी येते. ती पुन्हा जात नाही. अशा कपड्यांवर ओलसर सुती फडके अंथरून, इस्त्री न घासता दाबून उचलावी. कोटावर तर एवढीही गरज क्वचितच पडते. आंघोळीनंतरच्या वाफेने भरलेल्या न्हाणीघरात तो दहा मिनिटे टांगला आणि मग वाऱ्यावर पूर्ण वाळू दिला, तरी किरकोळ सुरकुत्या जातात.

विजेचा खर्च या तुलनेत नगण्य आहे. एक हजार वॅटची इस्त्री तासभर सतत चालली तर एक युनिट वीज लागते. प्रत्यक्षात ती मधूनमधून आपोआप बंद होत असल्याने याहून कमीच. युनिटला दहा रुपये धरले आणि दर रविवारी तासभर इस्त्री केली, तरी वर्षाला पाचशे वीस रुपयांच्या वर बिल जात नाही.

पावसाळा आणि कपाट

वसई-विरारच्या दमट हवेत कपड्यांचा खरा शत्रू कपाटातच असतो. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की कापडावर बुरशी धरते, आणि किनारपट्टीवरच्या पावसाळ्यात ही पातळी रोजचीच असते. लोकरीला कसर लागते. कसरीच्या अळ्यांना स्वच्छ लोकरीपेक्षा घामाने, अन्नाच्या डागाने माखलेली लोकर अधिक प्रिय असते. म्हणून वर्षातून एकदाच ड्रायक्लीन करायचे असेल, तर ते सूट पावसाळ्यापूर्वी ठेवून देण्याच्या वेळी करावे.

वसईच्या ख्रिस्ती समाजात लग्नसमारंभाला सूट घालण्याची रीत रुळलेली आहे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेलाही चांगला कोट बाहेर निघतो. वर्षातून दोन-चार वेळा वापरला जाणारा हा सूट बाकीचे महिने बंद कपाटात असतो आणि नेमका ऐन समारंभाच्या आदल्या दिवशी त्यावरची बुरशी दिसते. लॉण्ड्रीतून आलेली प्लास्टिकची पिशवी घरी येताच काढून टाकावी. ती ओल व द्रावकाचा वास आत कोंडते. तिच्याऐवजी जुन्या सुती चादरीची खोळ शिवून घ्यावी. पावसाळ्यात उघडीप मिळाली की कपाट तासभर उघडे ठेवावे आणि कोट सावलीत वाऱ्यावर घालावा. बुरशी दिसलीच, तर ती घराबाहेर नेऊन, तोंडाला रुमाल बांधून ब्रशने झटकावी.

डांबराच्या गोळ्या बंद जागेतच परिणाम करतात. त्या कापडाला टेकवून न ठेवता पुरचुंडीत बांधाव्यात आणि मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. घरात तान्हे मूल असेल तर त्या टाळणेच इष्ट. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना अशा कपड्यांच्या सहवासाने रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. वाळलेला कडुनिंबाचा पाला हा सौम्य पर्याय आहे, पण त्याच्या भरवशावर स्वच्छतेकडे दुर्लक्ष चालणार नाही.

जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, तेव्हा गुडघाभर पाण्यातून वाट काढणाऱ्यांच्या पॅण्टी चिखलाने माखल्या होत्या. अशा गढूळ पाण्यात भिजलेली पॅण्ट तशीच वाळू देऊ नये. आधी नळाच्या स्वच्छ पाण्याने भरपूर खळबळावी, मगच साबण लावावा. वाळलेला चिखल घासला तर त्यातील बारीक वाळू तंतू कापते.

जिवावर बेतणारी काटकसर

घरी ड्रायक्लीन करण्याच्या हौसेने पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये कोट बुडवण्याचा प्रकार काही घरांत होतो. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि दुसऱ्या खोलीतील गॅसच्या ज्योतीनेही पेट घेते. बंद सदनिकेत हा धोका कोणत्याही सुटाच्या किमतीहून मोठा आहे. तसेच ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा शौचालय सफाईचे आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. लोकर व रेशमाला तर ब्लीच लागूच देऊ नये. ते तंतूच विरघळवते.

काही कामे कारागिराकडेच शोभतात. कोटावरील तेलाचा मोठा डाग, कसरीने पडलेले भोक, फुगलेले अस्तर यांसाठी लॉण्ड्रीवाला, रफूगार किंवा शिंपी यांचा मार्ग धरावा, आणि डाग कशाचा व कधी पडला हे लॉण्ड्रीत न विसरता सांगावे. कॉलरची घडी विरली म्हणून शर्ट टाकण्यापूर्वी ती शिंप्याकडून उलटवून घेता येते. आपल्या आजोबांच्या पिढीत हे सर्रास होत असे. वेळेवर टाकलेला एक टाका किंवा पक्के केलेले सैल बटण हीसुद्धा मोठी बचत होय. गर्दीत तुटलेले बटण जोडीचे मिळेलच असे नाही.

आता सुरुवातीच्या हिशेबाकडे वळू. इस्त्रीचे पाच हजार दोनशे रुपये घरच्या विजेच्या पाचशे वीस रुपयांवर आले, तर चार हजार सहाशे ऐंशी वाचले. ड्रायक्लीन वर्षातून बारा वेळांऐवजी तीन वेळा केले, तर आणखी दोन हजार सातशे. एकूण सात हजार तीनशे ऐंशी रुपये. प्रत्येकाला दर रविवारचा तास परवडेलच असे नाही. रोज चार तास प्रवासात घालवणाऱ्याला विश्रांतीचे मोलही कमी नसते. अशा वेळी शर्ट इस्त्रीवाल्याकडे द्यावेत आणि कोटाची निगा तेवढी घरी करावी. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी कर्ज काढून सूट शिवणाऱ्या तरुणाच्या घरी तर ही निगा अधिकच मोलाची. तो सूट पाच-सात वर्षे टिकला, तर दुसरा शिवण्याचा खर्च तितकी वर्षे पुढे जातो. त्या वर्षांत घरातील धाकट्या भावाची मुलाखतही त्याच सुटात पार पडू शकते.